सुखनाकाठचा उखाणा

जानेवारीत चंदीगडजवळच्या झिरकपूरला धुकं उतरलं की नवव्या मजल्यावरून खालचा रस्ता दिसत नाही, नुसते हॉर्न तेवढे वर येतात. त्या शनिवारी दुपारी प्रतिमाच्या घरात मात्र हॉर्नही ऐकू येत नव्हते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वीस-पंचवीस मराठी बायका एका दिवाणखान्यात बसल्या की बाहेर विमान उतरलं तरी कळायचं नाही, आणि इथे तर विमानतळ जवळच होता.

सुहासिनी स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून तिळाचे लाडू वाट्यांत भरत होती. तिला आत कुणी पाठवलं नव्हतं. ती आपणहून आली होती, दरवर्षी येते तशी. कर्नल श्यामकांत गेल्यापासून हळदीकुंकवाला तिने स्वतःच स्वतःला ओट्याची ड्यूटी लावून घेतली होती. मराठी मंडळातल्या बायका तशा पुढारलेल्या. 'काकू, आमच्यात असलं काही नाही हं' म्हणत तिलाही हळदीकुंकू लावायच्या. पण उखाण्यांचा फेर सुरू झाला की तो तिच्या अलीकडच्या बाईवरून उडी मारून पलीकडे जायचा. मुद्दाम नव्हे, आदराने. आणि आदराने वगळलेल्या बाईने तक्रार कुठे करायची, हे कुणी सांगून ठेवलेलं नाही.

तर घरात बायका वीस-पंचवीस, आणि पुरुष एक. तो दिसत नव्हता. तो सगळ्यांच्या फोनमध्ये, मंडळाच्या ग्रुपवर होता. नाव हेरंब इनामदार, मूळ साताऱ्याचे, जहाजावर इंजिनिअर. फोटोत नारिंगी जाकीट, पिकलेल्या मिशा आणि असे डोळे की बघणाऱ्याला वाटावं, या माणसाने आयुष्यात मुंगीसुद्धा मारली नसेल. त्याला त्या ग्रुपवर आणून बसवणारी होती सुहासिनी. 'आपल्या साताऱ्याचे आहेत, घरच्यासारखे आहेत' असं तिनेच ग्रुप सांभाळणाऱ्या प्रतिमाला सांगितलं होतं. फौजेतल्या कर्नलच्या बायकोने शब्द टाकल्यावर प्रतिमा कशाला उलटतपासणी घेतेय!

यातली खरी गंमत, म्हणजे ज्याला रडावं की हसावं कळत नाही अशी गंमत, वेगळीच होती. असल्या भामट्यांपासून सावध कसं राहायचं याचं भाषण मंडळात सुहासिनीनेच दिलं होतं. तिला एकदा फेसबुकवर कुणा 'मेजर'ने मैत्रीचा हात पुढे केला होता. म्हणवत होता मेजर आणि फोटोत खांद्यावर चिन्हं ब्रिगेडियरची. पठ्ठ्याला तिने दोन मिनिटांत उघडा पाडला आणि मग मंडळात सगळ्यांना समजावून सांगितलं, खांदा बघा, फिती बघा, टोपी बघा. बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांनी घात केला म्हणा ना. आपल्याला कुणी फसवणार नाही अशी तिची पक्की समजूत झाली, आणि अशी समजूत झालेल्या माणसाइतकं सोपं सावज दुसरं नाही.

हेरंबने वर्दी घातलीच नाही. तो आला मराठीतून. तिने फेसबुकवर साताऱ्याच्या कंदी पेढ्यांबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, त्याखाली त्याने लिहिलं, 'ताई, पेढ्याच्या खोक्याला बांधलेली ती सुतळी आठवते का?' झालं. ज्या बाईच्या घरात मराठी फक्त उतू जाणाऱ्या दुधाला शिव्या घालण्यापुरती उरली होती, तिला सुतळी आठवणारा माणूस भेटला! मुलगा अंशुमन गुरुग्रामला, सून पंजाबी, नात अवनी फोनवर म्हणायची, 'आजी, समझ सब आता है, बस बोलना नहीं आता.' आणि हा रोज सकाळ-संध्याकाळ विचारायचा, 'जेवलात का?' श्यामकांतनीसुद्धा जन्मात कधी विचारलं नव्हतं. त्यांनी मेसचं जेवण कसं होतं एवढंच सांगितलं.

श्रावणात ओळख झाली, गणपतीत तिने त्याला ग्रुपवर घेतलं, दसऱ्याला उखाणा आला. सुखना तळ्यावर थंडीत बाहेरदेशीची पाखरं उतरतात हे तिनेच त्याला बोलता बोलता सांगितलं होतं. त्याचं त्याने हे केलं:

'सुखना तळ्याच्या काठी पाखरं आली परदेशी,
सुहासिनीचं नाव घेतो, जीव अडकला तिच्यापाशी.'

तिने फोन उशीखाली ठेवला, परत काढला, परत वाचला. इतक्या वर्षांत तिला कुणी 'नाव घे' म्हटलं नव्हतं, आणि इथे कुणीतरी तिचंच नाव घेतलं होतं. त्यात हसण्यासारखं काही नाही. ती सुखावली, आणि तिच्या जागी कुणीही सुखावलं असतं.

मग तो म्हणाला, 'एकदा नथ घालून दाखवा ना. फक्त मला.' तिने कपाटातून पैठणी काढली, नथ काढली, हिरवा चुडा भरला, कपाळावर ठसठशीत कुंकू लावलं आणि आरशासमोर उभं राहून फोटो पाठवला. एरवी ती साधी बारीक टिकली लावायची. त्या फोटोत ती हसत होती, अगदी मनापासून.

पुढचं सांगायला नको, पण सांगतो, कारण पुढचं नेहमी सारखंच असतं आणि तरीही दर वेळी नवं वाटतं. आधी भेटीचं पार्सल कस्टममध्ये अडकलं. मग जहाजावर अपघात झाला, इस्पितळ झालं. 'महिन्याभरात परत करतो, पण अंशुमनला सांगू नका, मुलं गैरसमज करून घेतात.' दिवाळीत सुहासिनीने श्यामकांतच्या नावची ठेव मोडली. व्हिडिओवर तो कधी आला नाही, कधी कॅमेरा बिघडलेला, कधी समुद्रात नेट नसायचं. शेवटी तिने साताऱ्याच्या मामेबहिणीला त्याने सांगितलेल्या पेठेत त्याचं घर शोधायला पाठवलं. तिथे इनामदार कुणी नव्हतेच, तिथे मोबाईलचं दुकान होतं.

सुहासिनी त्याला चिडून बोलली, पोलिसांत जाते म्हणाली. उत्तरादाखल त्याने तिला तिचाच फोटो परत पाठवला. खाली लिहिलं होतं, 'मंडळाच्या ग्रुपवर किती शोभेल! अंशुमनही आहेत ना ग्रुपवर? तुम्ही गप्प, मी गप्प.' अंशुमन लहानपणी मंडळाच्या नाटकांत काम करायचा, तेव्हापासूनचा सभासद.

तेव्हापासून सुहासिनी गप्प होती. ग्रुपवर कुणाच्या नातवाचा वाढदिवस असला की 'हेरंब इनामदार' फुलांचा गुच्छ पाठवायचा, बायका हात जोडायच्या, आणि ती ते सगळं बघत बसायची. ग्रुप सोडला तर लोक विचारतील, त्याला काढा म्हटलं तर लोक विचारतील. ती घरातल्या घरात कोंडून घेतल्यासारखी झाली होती. पैसे गेले, ते दुःख ती गिळू शकली असती. पण तो फोटो! तिच्या वयाच्या बाईने, कर्नलच्या विधवेने, नथ घालून, कुंकू लावून, कुणा अनोळखी पुरुषाला... यापुढचं वाक्य तिला स्वतःच्या मनातही पुरं करता येत नव्हतं.

"काकू, द्या इकडे, मी भरते." उल्का आत आली होती. उल्का मिरजेची, इथल्या वैद्यकीय संस्थेत संशोधक. वय चाळिशीच्या पुढे, घटस्फोट होऊन बरीच वर्षं झालेली. एरवी हळदीकुंकवाला ती पाच मिनिटं येऊन वाण घेऊन पळायची. आज मात्र साडी नेसली होती, केसात अबोली माळली होती. चंदीगडला अबोली कुठून मिळाली कोण जाणे.

"आज उशिरापर्यंत थांबणार वाटतं?" सुहासिनी म्हणाली.

"थांबणार. सोमवारीपण रजा टाकलीय. सेक्टर सतराला बँकेत काम आहे."

"कसलं गं?"

"फ्लॅटसाठी पैसे ठेवलेत ना, ते काढायचेत. एकांना जरा अडचण आहे." उल्का लाडू मोजल्यासारखं करत खाली बघत हसली. "महिन्याभरात परत येतील. पक्का."

तो फ्लॅट कशासाठी हे मंडळात सगळ्यांना ठाऊक होतं. उल्काची आई मिरजेत एकटी होती, पायाने अधू. तिला इकडे आणायला तळमजल्यावरचा फ्लॅट घ्यायचा म्हणून ही पोरगी वर्षानुवर्षं पै पै साठवत होती. 'महिन्याभरात परत' हे शब्द सुहासिनीने याआधी ऐकले होते. पण जगात अडचणीत असलेले लोक काय थोडे आहेत, असं तिने स्वतःला समजावलं. घाबरलेल्या माणसाला स्वतःची समजूत घालायला वेळ लागत नाही.

बाहेर उखाण्यांचा फेर सुरू झाला, तशी उल्का तिकडे जाऊन बसली. सुनंदा, म्हणजे मंडळाची चिटणीस, फोन उंच धरून व्हिडिओ काढत होती आणि एकेक उखाणा झाला की ग्रुपवर टाकत होती. सुहासिनी लाडूंचं ताट घेऊन दाराशी आली. फेर उल्कापाशी पोचला. उल्कावरूनही तो एरवी उडीच मारायचा, पण आज अबोली बघून बायकांना चेव आला.

"घे, घे, आज काही सोडत नाही! कुणाचं तरी नाव घे."

"मी कुणाचं घेणार यार?" उल्काचा चेहरा लाल झाला. "माझं मात्र कुणीतरी घेतलंय. ते सांगू का?"

नुसता गलका झाला. सुनंदाने फोन पुढे आणला. उल्का उभी राहिली, पदर सावरला आणि शाळेत कविता म्हणावी तशी म्हणाली,

"सुखना तळ्याच्या काठी पाखरं आली परदेशी,
उल्काचं नाव घेतो, जीव अडकला तिच्यापाशी!"

बायकांनी घर डोक्यावर घेतलं. कोण, कुठला, कधी दाखवतेस! सुहासिनीने ताट कपाटावर ठेवलं. ती वळून स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उगाच वाट्या धुऊ लागली.

स्वेटरच्या खिशात फोन वाजला. हेरंबचा मेसेज होता. 'व्हिडिओ छान आलाय. तुम्ही मागे दाराशी दिसताय. आता जागेवरच राहा.'

तिने मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं, फ्रिज होता. तरी तिला वाटलं की या घराला दार नाही, खिडकी नाही, आणि तो कुठल्याशा कोपऱ्यातून तिच्याकडे बघतो आहे. जायचं तर कुठे जायचं? चप्पल घालावी, लिफ्टने खाली जावं, धुक्यात शिरावं. ती तेही करू शकत होती. 'बरं वाटत नाही' म्हटलं तर प्रतिमाने स्वतः गाडीने सोडलं असतं. उल्काला रात्री फोन करून सांगता आलं असतं. पण उल्का काय करेल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. उल्का त्यालाच विचारेल. तो म्हणेल, त्या बाई माझ्या मागे लागल्या होत्या, बघ हा फोटो. आणि उल्का त्याच्यावर विश्वास ठेवेल. दसऱ्याला कुणी येऊन सांगितलं असतं, तर सुहासिनीने तरी कुणाचं ऐकलं असतं का?

उल्काने अबोली माळली होती. सुहासिनीने नथ घातली होती. हे मनात आलं आणि तिला राग आला, पहिल्यांदा स्वतःवर नव्हे, त्याच्यावर. पाखरं तिची होती. सुखनाच्या काठावर श्यामकांतबरोबर उभं राहून तिने ती पाहिली होती. ती त्याने उचलली आणि दुसरीला विकली!

तिने नळ बंद केला, हात पदराला पुसले आणि बाहेर येऊन थेट फेराच्या मध्ये उभी राहिली.

"माझा उखाणा राहिलाय," ती म्हणाली.

खोलीत जरा चुळबुळ झाली. "घ्या ना काकू, घ्या!" प्रतिमा घाईने म्हणाली, पण तिचा चेहरा गोंधळला होता. सुनंदाने फोन खाली घेतला.

"नको, चालू ठेव. त्याला बघू दे." आणि ती म्हणाली,

"सुखना तळ्याच्या काठी पाखरं आली परदेशी, सुहासिनीचं नाव घेतो, जीव अडकला तिच्यापाशी."

एक-दोघी हसल्या. काकूंनी उल्काची फिरकी घेतली असं त्यांना वाटलं. उल्कासुद्धा अर्धवट हसली, पण मग तिचं हसू तसंच ओठांवर राहिलं.

"मला दसऱ्याला आला," सुहासिनी म्हणाली. "तुला कधी आला गं?"

"परवा." उल्काचा आवाज बारीक झाला. "पण काकू, तुम्ही तो... माझ्याकडूनच ऐकलात ना आता?"

"हेरंब इनामदार. जहाजावर आहे. रोज विचारतो, जेवलीस का. तुझ्याकडे पैसे मागितले, कुणाला सांगू नको म्हणाला. आणि व्हिडिओवर कधी आलेला नाही." तिला दम लागला. "माझी ठेव मी मोडली, उल्का. श्यामकांतची. तू सोमवारी जाऊ नकोस."

उल्का पेटली. "हे खरं नाहीये! तुमचा काहीतरी गैरसमज झालाय. मी आत्ता विचारते त्यांना."

"विचार. स्पीकरवर लाव. पण व्हिडिओवर ये म्हण. तो म्हणेल, नेट नाही. मग विचारेल, माझ्यावर विश्वास नाही राहिला का? मग आईची शपथ घेईल. आणि शेवटी म्हणेल, हे आपल्या दोघांतच राहू दे."

व्हिडिओ चालू ठेवला तरी तो अजून ग्रुपवर गेला नव्हता. सुनंदा पुतळ्यासारखी उभी होती. म्हणजे पलीकडे त्याला काही ठाऊक नव्हतं. रिंग गेली. फोन उचलला गेला आणि प्रतिमाच्या दिवाणखान्यात एक उबदार, संथ मराठी आवाज आला. "बोल उल्का. उखाणा सुरेख म्हटलास."

"जरा व्हिडिओवर या ना. बायकांना तुम्हाला बघायचंय."

"अगं, आज नेट अगदीच नाही इथे."

"दोन मिनिटं."

"उल्का." आवाज जड झाला. "माझ्यावर विश्वास नाही राहिला का?"

कुणीतरी तोंडावर हात नेला. उत्तराची वाट न बघता तो घाईने पुढे बोलला. "माझ्या आईची शपथ, किनाऱ्याला लागलो की पहिला व्हिडिओ तुलाच. आणि ऐक, सोमवारचं आपल्या दोघांतच राहू दे. लोक गैरसमज करून घेतात."

सुहासिनी मान खाली घालून उभी होती. तिला जिंकल्यासारखं मुळीच वाटत नव्हतं. ती उल्काकडे बघू शकत नव्हती, कारण त्या चेहऱ्यावर काय चाललंय ते तिला न बघताही कळत होतं.

"सुहासिनीकाकूंना सांगितलं होतंत तस्संच ना?" उल्का म्हणाली.

फोन कट झाला.

आणि मग, क्षणभराने, खोलीतले सगळे फोन एकदम वाजले. पर्समध्ये, मांडीवर, सोफ्याच्या फटीत, टीव्हीशेजारी. बायकांनी फोन उचलले. न उचलता कोण राहील? मंडळाच्या ग्रुपवर फोटो आला होता. पैठणी, हिरवा चुडा, नथ, ठसठशीत कुंकू, आणि आरशात हसणारी सुहासिनी. खाली लिहिलं होतं, 'तुमच्या काकूंचे रंग पाहा.'

इतके महिने ती ज्याला भीत होती ते झालं होतं. ती भिंतीला टेकली. तिचा स्वतःचा फोन थरथरू लागला. अंशुमनचा फोन होता. त्यानेही फोटो पाहिला होता.

प्रतिमाचे डोळे भरले होते. "थांबा काकू, मी डिलीट करते. अॅडमिन आहे मी, लगेच जाईल. कुणी बघू नका गं!"

"आधी स्क्रीनशॉट घे," उल्का म्हणाली. ती खाली बसली होती, केसातली अबोली तिने काढून मुठीत चुरडली होती, आणि आवाज कापत होता. पण शब्द स्पष्ट होते. "त्याचा नंबर दिसू दे, वेळ दिसू दे. सायबर पोलिसांना लागेल. त्यांच्या १९३० हेल्पलाइनला मी आत्ता लावते." मग तिने स्वतःच्या फोनवरचा फोटो वर धरला आणि बराच वेळ बघितला. "काकू, किती खूश होतात तुम्ही," ती म्हणाली आणि ओक्साबोक्शी रडू लागली.

सुहासिनी तिच्याजवळ खाली बसली. तिने उल्काच्या डोक्यावर हात ठेवला. दुसऱ्या हातात अंशुमनचा फोन वाजतच होता.

"घेतला स्क्रीनशॉट," प्रतिमा म्हणाली. "आता काढू ना फोटो?"

सुहासिनीने प्रतिमाच्या हातातल्या पडद्याकडे पाहिलं. खरंच, बाई खूश होती.

"फोटो असू दे," ती म्हणाली. "त्याला काढ."

आणि तिने फोन कानाला लावला. "हं, बोल अंशुमन. हो, मीच आहे ती."